कळ, वर्ण आणि संकेत : लिनक्स डेस्कटॉपवरील मराठी कळफलक-मांडणीतील बदलांचा विचार

रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यातील तळीये हे सह्याद्रीच्या उतारावर वसलेले एक लहान गाव. २२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीत या गावाच्या कोंढाळकर वाडीवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तालुक्याबाहेर क्वचितच उच्चारले जाणारे हे नाव त्या दिवसापासून बातम्यांत, याद्यांत आणि अहवालांत वारंवार लिहिले जाऊ लागले. रोमन लिपीतील वृत्तांत ते कोठे ‘तलाई’ तर कोठे ‘तलिये’ असे वाचले जाईल अशा रूपांनी आले. मराठीतही तळीये, तळिये व तळई अशी रूपे आढळतात. रोमन लिपीला ‘ळ’ नाही, ही अडचण जुनीच आहे आणि तिचे कारण उघड आहे. परंतु देवनागरीतच लिहिणाऱ्या, आणि शुद्ध रूप ठाऊक असणाऱ्या लेखकाच्या हातूनही जे संगणकात साठते ते सर्वस्वी त्याच्या इच्छेवर अवलंबून नसते. लेखकाचे बोट आणि साठलेला संकेत यांच्यामध्ये कळफलकाच्या मांडणीचा एक संपूर्ण व्यवहार उभा असतो. हा व्यवहार मुक्तस्रोत लिनक्स कार्यप्रणालीच्या डेस्कटॉपवर कसा चालतो, गेल्या काही वर्षांत त्यात कोणते बदल झाले आणि त्या बदलांचा मराठी नोंदींवर काय परिणाम होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

या विवेचनाला लिनक्स सोयीचे पडते, याचे कारण एवढेच की तेथे या व्यवहाराची प्रत्येक पायरी उघड्या मजकूर-फाइलींत लिहिलेली असते. अभ्यासकाला ती वाचता येते, तपासता येते आणि प्रसंगी दुरुस्तही करता येते.

१. कळ दाबल्यापासून वर्ण उमटेपर्यंत

कळफलकावरील कळेवर छापलेले अक्षर संगणकाला ठाऊक नसते, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. कळ दाबली असता यंत्राकडून केवळ एक क्रमांक येतो. कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, त्या क्रमांकाचे एका ठरावीक कळ-संकेतात रूपांतर करतो. ज्या कळेवर रोमन ‘एल’ छापलेले असते तिचा कर्नलमधील संकेत ३८, आणि ‘एन’च्या कळेचा ४९. डेस्कटॉपच्या चित्र-व्यवस्थेत, जुन्या परंपरेनुसार, या संकेतांत ८ मिळविले जातात. म्हणून त्याच दोन कळा पुढे ४६ व ५७ या क्रमांकांनी ओळखल्या जातात. येथपर्यंत भाषेचा वा लिपीचा काहीही संबंध आलेला नसतो.

भाषा येते ती यानंतरच्या पायरीवर. एक्सकेबी या नावाने ओळखली जाणारी कळफलक-व्यवस्था १९९६ मधील एक्स-११ प्रणालीच्या ६.१ या आवृत्तीबरोबर रूढ झाली. कोणत्या कळेला, कोणत्या पातळीवर, कोणते चिन्ह द्यावयाचे याचा तक्ता या व्यवस्थेत असतो. ‘पातळी’ म्हणजे नुसती कळ, शिफ्टसह कळ, उजव्या ऑल्टसह कळ, असे दाबण्याचे प्रकार. तक्त्याची निवड चार गोष्टींवरून ठरते : कळफलकाचा नमुना, मांडणी, त्या मांडणीचा उपप्रकार आणि काही जादा पर्याय. भारतीय लिपींचे सर्व तक्ते ‘आयएन’ या एकाच मांडणीखाली, निरनिराळ्या उपप्रकारांच्या रूपाने ठेविलेले आहेत. देवनागरीचा सामान्य तक्ता, मराठीचा वर्धित इन्स्क्रिप्ट तक्ता आणि मराठीचा उच्चारानुसारी कागापा तक्ता हे तिन्ही तेथे शेजारी शेजारी नांदतात.

तिसरी पायरी आदान-पद्धतीची. चिनी वा जपानी लेखनासाठी कळांची संख्या पुरी पडत नाही. तेथे अनेक कळा मिळून एक चिन्ह घडवावे लागते. त्यासाठी कळ आणि लेखन-आज्ञावली यांच्यामध्ये बसणारा एक स्वतंत्र मध्यस्थ निर्माण झाला. लिनक्सवर आज आयबस आणि एफसीआयटीएक्स हे दोन मध्यस्थ प्रमुख आहेत. भारतीय भाषांच्या पद्धती त्यांना बहुधा एम-१७-एन या जपानात विकसित झालेल्या संग्रहातून मिळतात. मराठीसाठी त्यात इन्स्क्रिप्ट, वर्धित इन्स्क्रिप्ट, आयट्रान्स आणि मराठीभाषकांना परिचित असलेली गमभन या पद्धती आहेत.

दुसऱ्या व तिसऱ्या पायरीतील भेद तत्त्वाचा आहे. एक्सकेबीच्या तक्त्याला स्मरण नसते. आधी कोणती कळ दाबली गेली याचा विचार तो साधारणतः करीत नाही. एका कळेच्या एका पातळीला एक चिन्ह, एवढाच त्याचा नियम. आदान-पद्धतीला मात्र स्मरण असते. गमभन पद्धतीने रोमन ‘टी’ दाबताच पायमोडका ‘त्’ उमटतो आणि पुढे ‘ए’ दाबताच तो पूर्ण ‘त’ होतो, हे या स्मरणामुळेच शक्य होते. जुन्या टंकलेखन यंत्रावर ज्यांचा हात बसला आहे ते ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकितात. युनिकोडमध्ये मात्र ती व्यंजनानंतर साठवावी लागते. हा क्रम उलटविण्याचे काम स्मरण असलेली आदान-पद्धतीच करू शकते, एक्सकेबीचा तक्ता करू शकत नाही.

२. इन्स्क्रिप्टची रचना

मराठी नोंदींच्या दृष्टीने मध्यवर्ती मांडणी इन्स्क्रिप्ट ही आहे. केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये ती सिद्ध केली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १३१९४ या मानकात, इस्की या संकेतावलीबरोबर, तिचा समावेश झाला. तिच्यामागील कल्पना सरळ आहे. ब्राह्मीपासून निघालेल्या लिपींची वर्णमाला मूलतः एक आहे. म्हणून एका ध्वनीला सर्व लिपींत एकच कळ द्यावी. ‘के’च्या कळेवर मराठीत क येतो, त्याच कळेवर बंगालीत, कन्नडमध्ये, गुजरातीतही त्या त्या लिपीतील क येतो. स्वर व स्वरचिन्हे डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. अल्पप्राण व्यंजन नुसत्या कळेवर आणि महाप्राण शिफ्टसह. हलन्ताचे चिन्ह ‘डी’च्या कळेवर असून जोडाक्षरे त्याच्याच साहाय्याने घडतात.

आता तळीये हे नाव या मांडणीने लिहून पाहावे. त साठी ‘एल’, ळ साठी शिफ्टसह ‘एन’, दीर्घ वेलांटीसाठी ‘आर’, य साठी तिरप्या रेघेची कळ आणि मात्रेसाठी ‘एस’. अशा पाच कळा दाबल्यावर षोडशमान पद्धतीने ०९२४, ०९३३, ०९४०, ०९२एफ आणि ०९४७ असे पाच युनिकोड संकेत या क्रमाने साठतात. संगणकाच्या लेखी तळीये म्हणजे हेच पाच संकेत. ‘एन’च्या कळेबरोबरचा शिफ्ट निसटला की दुसरा संकेत ०९३२ होतो आणि गाव ‘तलीये’ बनते.

महाड-पोलादपूर परिसरात ही चूक क्षुल्लक नाही. चवदार तळे, आंबेनळी घाट, केवनाळे ही नावे ळ ची आहेत; परंतु लेण्यांसाठी प्रसिद्ध असलेले गांधारपाले आणि स्वतः पोलादपूर ही नावे ल ची आहेत. कोणत्या नावात कोणता वर्ण यावा हे नियमाने सांगता येत नाही, ते ठाऊकच असावे लागते. त्यामुळे एकदा चुकीचा वर्ण साठला की पुढे एखाद्या यांत्रिक शुद्धीकरणाने तो सुधारेल, अशी आशा बाळगण्यास जागा नाही.

कागापा या उच्चारानुसारी मांडणीत ळ शिफ्टसह ‘एल’च्या कळेवर आहे. इन्स्क्रिप्टमध्ये त्याच कळेवर त व थ आहेत. तात्पर्य, ३८ क्रमांकाच्या एकाच कळेतून, निवडलेल्या तक्त्याप्रमाणे, कधी त, कधी ल, कधी थ, तर कधी ळ निघतो. ज्या टंकलेखकाचा हात एका मांडणीवर बसला आहे त्याच्या संगणकावरील तक्ता न सांगता बदलला, तर त्याचे कौशल्यच त्याच्याविरुद्ध काम करू लागते.

३. नाव एक, स्तर दोन

डेस्कटॉपच्या कळफलक-यादीत ‘मराठी’ या शीर्षकाखाली इन्स्क्रिप्ट हे नाव एकाहून अधिक वेळा आढळते, आणि नवख्याचा गोंधळ बहुधा येथून सुरू होतो. एक नोंद एक्सकेबीच्या तक्त्याची असते, दुसरी आयबसमार्फत येणाऱ्या आदान-पद्धतीची. बहुतेक वर्णांच्या बाबतीत दोहोंचा परिणाम एकच दिसतो. फरक पडतो तो कडेच्या कळांवर.

मूळ इन्स्क्रिप्ट मांडणीत अंकांच्या ओळीवर शिफ्टसह ज्ञ, त्र, क्ष व श्र ही जोडाक्षरे एका कळेत देण्याची सोय आहे. परंतु क्ष म्हणजे युनिकोडमध्ये क, हलन्त व ष असे तीन संकेत. एका पातळीला एकच चिन्ह देणाऱ्या एक्सकेबीच्या तक्त्यातून ते तीन एकदम निघू शकत नाहीत. आदान-पद्धतीतून निघू शकतात. म्हणून एका इन्स्क्रिप्टवर ‘क्षेत्र’ हा शब्द लिहिताना एक कळ पुरते आणि दुसऱ्या इन्स्क्रिप्टवर त्याच क्ष साठी तीन कळा दाबाव्या लागतात. येथे साठणारे संकेत दोन्ही प्रकारांत सारखेच असतात. बदलते ती केवळ बोटांची सवय. पुढे पाहावयाच्या काही उदाहरणांत मात्र साठणारे संकेतच बदलतात, आणि तो भाग अधिक गंभीर आहे.

स्तरभेदाचा आणखी एक व्यावहारिक परिणाम नमूद करणे अवश्य आहे. एक्सकेबीचा तक्ता प्रवेश-पडद्यावरही उपलब्ध असतो. पहिली मांडणी म्हणून केवळ देवनागरी ठेवली, तर रोमन अक्षरांतील परवलीचा शब्द टंकिणेच अशक्य होते. तसेच नियंत्रण-कळेबरोबर सी किंवा व्ही दाबून चालणाऱ्या नित्याच्या आज्ञाही काही आज्ञावलींत निकामी होतात, कारण त्या कळेवर आता सी वा व्ही उरलेलेच नसतात. यादीत रोमन मांडणी असावी आणि ती पहिली असावी, हा नियम या कारणास्तव पाळावा.

४. डेस्कटॉपमधील स्थित्यंतरे

ज्या बदलांमुळे मराठी लेखकाला आपला कळफलक बिघडल्यासारखा वाटतो, त्यांतील बहुतेक बिघाड नसून स्थित्यंतरे आहेत. त्यांपैकी तीन विशेष महत्त्वाची आहेत.

पहिले स्थित्यंतर आदान-पद्धतीच्या मध्यस्थाचे. २००९ मध्ये फेडोरा या लिनक्स-वितरणाच्या ११ व्या आवृत्तीत पूर्वीच्या एससीआयएमच्या जागी आयबस आला. तरीही पुढील काही वर्षे एक्सकेबीची मांडणी एका ठिकाणी निवडावी आणि आयबसची पद्धत दुसऱ्या ठिकाणी, अशीच स्थिती होती. दोहोंची चिन्हे वेगळी, बदलण्याच्या कळाही वेगळ्या. पडद्यावर मराठी निवडलेली दिसावी आणि उमटावे मात्र रोमन, किंवा दोन्ही स्तर एकाच वेळी जागे होऊन भलताच वर्ण यावा, असे प्रकार या व्यवस्थेत संभवनीय होते.

दुसरे स्थित्यंतर एकीकरणाचे. सप्टेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्नोम ३.६ या डेस्कटॉपने दोन्ही स्तरांची एकच यादी केली आणि तिला ‘आदान-स्रोत’ अशा अर्थाचे नाव दिले. या यादीतील प्रत्येक नोंद ही एक जोडी असते : पहिले पद नोंद एक्सकेबीची की आयबसची हे सांगते आणि दुसरे पद तिचे नाव सांगते. सुपर व स्पेस या दोन कळा मिळून यादीतील एका नोंदीवरून दुसरीवर जाण्याची पद्धत पुढे रूढ झाली. सामान्य लेखकाची यामुळे मोठी सोय झाली. परंतु मांडणीवरील अधिकार आता डेस्कटॉपकडे गेला. ज्यांनी आज्ञेच्या ओळीवरून स्वतःचे फेरफार करून ठेविले होते, त्यांना यादीतील नोंद बदलताच किंवा नवा कळफलक जोडताच आपले फेरफार पुसले गेल्याचे आढळू लागले. डेस्कटॉप स्वतःजवळची नोंद प्रमाण मानून तक्ता पुन्हा बसवीत होता.

याच संदर्भात एक्सकेबीची एक जुनी मर्यादा सांगितली पाहिजे. एक्स-११ मध्ये एका वेळी चारच गट, म्हणजे चारच मांडण्या, तक्त्यात बसतात. इंग्रजी, मराठी व हिंदी यांपुरते पाहणाऱ्यास ही मर्यादा जाणवत नाही. बेळगाव वा गोवा येथील अभ्यासकाला मराठी, कोंकणी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी अशा पाच नोंदी लागल्या की ती जाणवते. नव्या डेस्कटॉपांनी गरजेप्रमाणे तक्ता बदलून ती झाकली, हा एकीकरणाचा एक अप्रत्यक्ष लाभ म्हणता येईल.

तिसरे आणि सर्वांत दूरगामी स्थित्यंतर एक्स-११ कडून वेलँडकडे जाण्याचे. एक्स-११ मध्ये कळफलकाचा तक्ता एका सामायिक सेवकाकडे असे आणि कोणतीही आज्ञावली तो बदलू शके. वेलँडमध्ये तक्त्याचा ताबा केवळ डेस्कटॉपच्या रचनाकार-आज्ञावलीकडे असतो. इतर आज्ञावलींना तो वाचण्यापुरता मिळतो. एका आज्ञावलीने दुसरीच्या कळा चोरून ऐकू नयेत, हा यामागील सुरक्षेचा हेतू योग्यच आहे. परंतु त्यामुळे तक्ता बदलण्याची जुनी आज्ञा वेलँडवर निष्प्रभ ठरते. तिचा परिणाम झालाच तर एक्स-११ साठी लिहिलेल्या जुन्या आज्ञावलींपुरता होतो. नोव्हेंबर २०१६ मधील फेडोरा २५ ने वेलँड हे ग्नोमचे नेहमीचे सत्र केले, आणि सप्टेंबर २०२५ मधील ग्नोम ४९ ने एक्स-११ चे सत्र मूळ रचनेत बंदच ठेविले. जुन्या आज्ञा टिपून ठेवलेल्या वह्या आता कालबाह्य समजल्या पाहिजेत.

स्वतःची मांडणी करणाऱ्या अभ्यासकाला मात्र या स्थित्यंतराने एक नवी वाटही दिली. पूर्वी सामायिक कोशातील तक्त्यांतच फेरफार करावे लागत, आणि प्रणालीचे नूतनीकरण होताच ते नाहीसे होत. लिबएक्सकेबीकॉमन या ग्रंथालय-आज्ञावलीच्या २०२० मधील १.० आवृत्तीपासून वापरकर्त्याला आपल्याच कोशात आपला तक्ता ठेवता येतो आणि वेलँडचे डेस्कटॉप तो वाचतात. मोडी वा जुन्या लेखनातील विशेष चिन्हे लागणाऱ्या संशोधकाने याच मार्गाचा अवलंब करावा.

५. अक्षर एक, संकेत दोन

येथवर वर्णन केलेले बदल वापराच्या सोयीशी निगडित आहेत. त्यांचा नोंदींशी संबंध कोठे येतो, हे आता पाहावयाचे आहे. मराठीत काही अक्षरे अशी आहेत की ती पडद्यावर व कागदावर हुबेहूब सारखी दिसतात, परंतु मांडणीप्रमाणे निराळ्या संकेतांनी साठतात.

पहिले उदाहरण अर्ध्या र चे. मराठीत रफार आणि अर्धा र यांत अर्थभेद आहे. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला, ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. रायगड जिल्ह्याला पश्चिमेस दर्या आहे आणि पूर्वेस दऱ्या आहेत. महाड-पोलादपूरविषयी लिहिणाऱ्याला हा भेद सोडून चालणार नाही. इन्स्क्रिप्टवर ‘जे’च्या कळेवर र आणि शिफ्टसह त्याच कळेवर ऱ आहे. पुढे हलन्त व य दाबला की पहिल्याने दर्या आणि दुसऱ्याने दऱ्या होतो. केवळ एका शिफ्टने समुद्राच्या जागी दरी येते.

परंतु दऱ्या लिहिण्याचा हा एकच मार्ग नाही. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून र, हलन्त आणि त्यानंतर शून्यरुंदीचा सांधक, हा क्रमही अर्धा र म्हणूनच दाखविला जातो. सांधक हे अदृश्य चिन्ह आहे; त्याला रुंदी नाही, आकार नाही. ज्या मांडणीत ऱ हाताशी नाही तेथे लेखक सांधकाचा आश्रय घेतो. दोन्ही ‘दऱ्या’ दिसावयास एकच. शोध घेणाऱ्या साध्या आज्ञावलीला मात्र ते दोन निराळे शब्द आहेत. युनिकोडचे विहित सामान्यीकरण र व नुक्ता यांच्या जोडीला ऱ शी समान मानते. सांधकाच्या क्रमाला मानीत नाही. त्यामुळे सामान्यीकरण केल्यानंतरही हा भेद शिल्लक राहतो.

दुसरे उदाहरण ॲ या स्वराचे. इंग्रजीतून आलेल्या शब्दांसाठी मराठीने हा स्वर स्वीकारला, आणि ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने वर्णमालेत त्याला ऑ बरोबर स्थान दिले. युनिकोडमध्ये ॲ ला ०९७२ हा स्वतंत्र संकेत २००८ मधील ५.१ आवृत्तीने दिला. त्यापूर्वीच्या मांडण्यांत तो असणे शक्यच नव्हते. तेव्हा लेखक अ लिहून त्यावर अर्धचंद्राचे चिन्ह देत, म्हणजे ०९०५ आणि ०९४५ असे दोन संकेत साठवीत. पुढे वर्धित इन्स्क्रिप्ट मांडणी आली आणि २०१६ मध्ये आयएस १६३५० या क्रमांकाने तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. तीत ॲ ला स्वतःची जागा आहे. परिणामी, एकाच कार्यालयात जुन्या मांडणीवर लिहिलेला ‘ॲ’ आणि नव्या मांडणीवर लिहिलेला ‘ॲ’ हे एकाच यादीत शेजारी बसतात आणि एकमेकांस ओळखत नाहीत. हा भेदही युनिकोडच्या विहित सामान्यीकरणाने मिटत नाही.

अनुक्रम लावताना हा दोष अधिक उघड होतो. ॲ ने सुरू होणारी नावे संकेतांच्या केवळ अंकमूल्याने लावली, तर जुन्या पद्धतीची अ च्या ओळीत बसतात आणि नव्या पद्धतीची सर्व व्यंजनांच्याही पलीकडे जातात; कारण ०९७२ हा संकेत ह च्या संकेतानंतर येतो. दोन माणसे एकच नाव शोधीत असता एकाला ते सापडावे आणि दुसऱ्याला सापडू नये, असा हा प्रकार आहे.

येथे एक भेद स्पष्ट ठेवणे जरूर आहे. ल व श यांची मराठी वळणे आणि हिंदी वळणे यांतील फरक हा संकेतांचा नव्हे. तो टंकाचा आणि मजकुराला लाविलेल्या भाषेच्या खुणेचा फरक आहे. कळफलक बदलून तो सुटत नाही आणि त्याने नोंदीही दुभंगत नाहीत. वर सांगितलेल्या दोन उदाहरणांत याच्या अगदी उलट स्थिती आहे : डोळ्याला काहीच दिसत नाही आणि नोंद मात्र दुभंगलेली असते.

६. निष्कर्ष

या विवेचनावरून जे निष्पन्न होते ते असे. कळफलकाची मांडणी ही केवळ टंकलेखकाच्या सोयीची बाब नसून नोंदीच्या आशयाचा एक घटक आहे. हस्तलिखिताची नोंद करताना कागद, शाई व वळण यांचा उल्लेख केला जातो. त्याच न्यायाने संगणकीय सामग्री कोणत्या मांडणीने व कोणत्या स्तरावरून टंकित झाली, याची नोंद सामग्रीबरोबर असावी. स्थलनामांचे संग्रह, मुलाखतींची लिप्यंतरे, बोलींचे शब्दसंग्रह अशी कामे अनेक हातांनी चालतात, तेथे तर ही नोंद अपरिहार्य आहे.

दुसरे, अशा संग्रहांचा शोध घेण्यापूर्वी युनिकोडचे विहित सामान्यीकरण पुरेसे समजू नये. सांधकासह आलेला अर्धा र आणि ऱ ने घडलेला अर्धा र यांचे, तसेच जोडीने लिहिलेला ॲ आणि स्वतंत्र ॲ यांचे एकरूपीकरण स्वतंत्र नियमाने करावे. मूळ पाठ मात्र जसाच्या तसा जतन करून एकरूप पाठ त्याच्या शेजारी ठेवावा.

तिसरे, कार्यप्रणालीचे नूतनीकरण झाल्यावर काम सुरू करण्यापूर्वी काही चाचणीशब्द टंकून त्यांचे संकेत तपासावेत. तळीये हा शब्द ळ ची जागा दाखवितो. दऱ्या व दर्या ही जोडी अर्ध्या र चा मार्ग दाखविते. ॲ ने सुरू होणारा कोणताही शब्द मांडणी जुनी की वर्धित हे सांगतो. क्षेत्र हा शब्द इन्स्क्रिप्ट एक्सकेबीची आहे की आदान-पद्धतीची, हे दाखवून देतो. आणि महाडिक हे आडनाव ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठते की नाही याची कसोटी घेते. हे सर्व तपासण्यास पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही.

चौथे, आज्ञेच्या ओळीवरून केलेल्या तात्पुरत्या फेरफारांवर विसंबून राहू नये. डेस्कटॉपच्या आदान-स्रोतांच्या यादीत रोमन मांडणी प्रथम आणि मराठीची एकच, विचारपूर्वक निवडलेली नोंद तिच्यानंतर ठेवावी. विशेष चिन्हांसाठी स्वतंत्र तक्ता लागल्यास तो वापरकर्त्याच्या कोशात ठेवून त्याची प्रत संशोधन-सामग्रीबरोबर जपावी.

आपत्तीनंतर गावाची जी कागदपत्रे होतात त्यांत मृतांच्या याद्या असतात, वारसांचे दाखले असतात, पुनर्वसनातील घरांच्या नोंदी असतात. त्यांतील नाव एका ठिकाणी ळ ने आणि दुसऱ्या ठिकाणी ल ने, किंवा दिसावयास तेच पण संकेतांनी निराळे असे लिहिले गेले, तर दोन कागद एकाच माणसाचे आहेत हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावर पडतो. गाव हरवलेल्या माणसाला आपले नावही पुन्हा शोधावे लागू नये, एवढी दक्षता लेखनसाधनांचा अभ्यास करणाऱ्यांना आणि ती वापरणाऱ्यांना घेता येण्यासारखी आहे. तळीये या नावातील पाच संकेत प्रत्येक यंत्रावर तेच पाच राहतात की नाही, हे तपासून पाहणे हा त्या दक्षतेचा प्रारंभ होय.